सलामासाठी थांबलेला हात

हां, अण्णा, पेटी जरा थांबू द्या. तबला असू दे, पण हलका.

मंडळी, पूर्वरंग झाला. निरूपण ऐकलंत. काय सुरेख माना डोलत होत्या तुमच्या! राग आवरावा म्हटलं — डोलल्या. कुणाची निंदा करू नये म्हटलं — त्या खांबाजवळच्या बायका तर एकमेकींकडे बघून डोलल्या. म्हणजे बुवा नेमके कुणाबद्दल बोलतायत ते त्यांना बरोबर कळलं होतं! हसा, हसा. अजून हसायची सवलत आहे, पुढं नाही.

आता मला एक सांगा. इथं सतरंजीवर बसल्यावर ज्या माणसाला सगळं पटतं, ज्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येतं, त्या माणसाचं घरी गेल्यावर काय होतं? नळ गेला, पोरानं उलट उत्तर दिलं, की चढला याचा आवाज! मघाचा तो शहाणा कुठं गेला? लोक म्हणतात, ढोंगी आहे. मी नाही म्हणत. ते डोळ्यांतलं पाणी मी इथून पाहिलंय, ते खरं होतं. मग खरा माणूस ऐन वेळेला हरतो का? हा आजचा प्रश्न. आणि याचं उत्तर ऐकायला मी तुम्हाला कुठं नेणार आहे? देवळात नाही. राजवाड्यात नाही. बॉक्सिंगला!

आजी, दचकू नका. हातात ते फुगलेले मोजे घालून दोघं एकमेकांना ठोसे मारतात ना, ते. तुमचा नातू मोबाइलवर बघतो. अभ्यास करतोय असं तुम्हाला वाटतं.

तर ऐका. साताऱ्याकडे एक गाव आहे. नाव घेत नाही, त्या गावच्या लेकी इथं नांदायला आल्यात, उगाच माझ्या ताटातली खीर कमी व्हायची. त्या गावात एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. वर पत्रा, मध्ये मोकळी जागा. त्या जागेत एका माणसानं चौकोनी दोर बांधले, वाळूची पोती टांगली. तो माणूस म्हणजे भोईटे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले. तरुणपणी पलटणीकडून बॉक्सिंग खेळलेले. तेव्हा नाक जे एका बाजूला गेलं ते तिकडंच राहिलं. बोलणं कमी, शिस्त कडक. पण गावातली पोरं पहाटे उठायला लागली, तंबाखूच्या पुड्या सुटल्या, आणि आया सुभेदारांचं नाव घेताना डोक्यावर पदर घ्यायला लागल्या.

आता या सुभेदारांनी एक नियम काढला होता. नीट ऐका, आख्यानाची सगळी मेख इथं आहे. सुरुवातीला काय व्हायचं? सरावाला पोरं एकमेकांसमोर उभी राहायची. एकाचा ठोसा बसायचा आणि दुसरा म्हणायचा, लागलाच नाही! आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आजवर कोणी स्वतःहून आउट झालंय का? तसंच. लागलं तरी नाही म्हणायचं, मनात राग धरायचा, मग पुढच्या खेपेला कोपर घालायचं. एकदा तर यावरून दोन घरं भांडली आणि बायका पाणवठ्यावर बोलेनात.

सुभेदार म्हणाले, बास. आजपासून ज्याला ठोसा नीट लागला त्यानं स्वतः कबूल करायचं. ग्लोव्ज कपाळाला लावायचा. सलाम! आणि मारणाऱ्यानं तो सलाम होईपर्यंत थांबायचं. मग पुढचा खेळ.

सांगा मंडळी, नियम वाईट आहे का? मी तर म्हणतो भावकीच्या बैठकीत लावावा! पोरं खरं बोलायला लागली. भांडणं मिटली. सुभेदारांना त्या नियमाचा फार अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

या गुऱ्हाळात एक पोरगा तयार झाला. यशराज बर्गे. अंगानं सडपातळ, पण डावा हात असा की समोरच्याला कळायच्या आत बसलेला असायचा. ठोसा — सलाम. ठोसा — सलाम. ठोसा — सलाम! रविवारी सकाळी अर्धं गाव गुऱ्हाळात जमायचं. म्हातारी माणसं घरून बसायला पोती आणायची. यशराजचा डावा बसला की टाळ्या, आणि समोरच्याचा ग्लोव्ज कपाळाला गेला की आणखी टाळ्या. शहरातल्या क्लबची पोरं मुद्दाम सरावाला यायची. त्यांना आधी नियम सांगितला जायचा. पाहुणी पोरं, तीही शिस्तीत सलाम करायची. मग पिठलं-भाकरी खाऊन जाताना म्हणायची, आमच्याकडं असा हात कुणाचा नाही. आणि ते खोटं नव्हतं. हात खरोखर तसाच होता.

झालं! गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. यशराजचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत काय काय लिहिलेलं. अर्थात शुभेच्छुकांचे फोटो त्याच्याहून मोठे होते, ते सांगायला नको.

पण या सगळ्यात सलाम करणारा कोण? पाहुणे एखाद्या रविवारी. रोजचा कोण? त्याचं नाव सोमनाथ मदने. सोमा. याचं आणि यशराजचं वजन एक, वय एक, शाळेत बाक एक. सोमाचा बाप मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ लांब कुठंतरी असायचा. घरी हा आणि आई. सोमाचा हात मंद, पण अंग दणकट. रोज पहाटे यशराजचे ठोसे अंगावर घ्यायचे आणि ग्लोव्ज कपाळाला लावायचा, हे त्याचं काम. स्पर्धेला एका वजनात क्लबकडून एकच पोरगा जातो. रोज जो सलाम घेतो तो जाणार की रोज जो सलाम करतो तो? उघड आहे. यशराज जायचा, आणि सोमा त्याचा टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन रिंगच्या कोपऱ्यात उभा राहायचा.

पहिल्या वर्षी विभागाच्या स्पर्धेला अख्खं गाव टेम्पो करून गेलं. यशराज दोरांच्या आत गेला. समोर कुठलासा पोरगा, नाव कुणी ऐकलेलं नाही. घंटा झाली. यशराजनं वाट पाहिली, वाट पाहिली, आणि डावा सोडला! असा बसला की समोरच्याचं तोंडच फिरलं. गाव उठून उभं. शिट्ट्या, टाळ्या, कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर. आणि टाळ्या वाजवून लोक खाली बसून बघतात तर यशराज गुडघ्यावर.

काय झालं? कुणाला माहीत नाही! जो तो शेजाऱ्याला विचारतोय. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. ठोसा बसला, गाव उठलं, आणि गाव बसेपर्यंत पोरगा खाली. पंचांनी लढत थांबवली.

परतताना टेम्पोत कारणं निघाली. ग्लोव्ज नवे होते. पंच त्यांच्याकडचा होता. दृष्ट लागली. हे शेवटचं कारण सगळ्यांना पटलं. घरी गेल्यावर यशराजच्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या खूप. आणि पुढच्या वर्षी पोरगा पुन्हा पहिल्याच लढतीत, तसाच, गेला.

आता मंडळी, गाव म्हणजे गाव असतं. ज्या तोंडानं कौतुक केलं त्याच तोंडानं ते नाव ठेवतं. यशराजला नाव पडलं — गुऱ्हाळाचा राजा. म्हणजे गुऱ्हाळापुरताच. भित्रा आहे म्हणाले. सरावात उड्या मारतो, खरी वेळ आली की पोटात गोळा येतो म्हणाले. फ्लेक्स वाऱ्यानं फाटला होता, तो कुणी बदलला नाही. आणि पोरगं? ते रडत नव्हतं, भांडत नव्हतं. एकदा आईजवळ एवढंच बोललं, की आई, मला भीती वाटत नाही गं. माझा ठोसा लागतो, मला कळतं लागलाय, आणि मग मधलं काहीतरी मला आठवतच नाही. आईला तरी काय कळणार? तिनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला, आणि रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

तिसरं वर्ष उजाडलं. आणि हे शेवटचं! त्या वर्षी स्पर्धेला फौजेचे अधिकारी येणार होते, खेळाडू म्हणून भरतीसाठी पोरं निवडायला. यशराज आणि सोमा, दोघंही वयामुळं पुढच्या वर्षी त्या भरतीतून बाहेर जाणार. जागा एक. जो जाईल तो कदाचित फौजी होऊन परत येईल. जो राहील त्याच्यासाठी ते दार कायमचं बंद. सुभेदारांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, येत्या रविवारी दोघांची लढत, सगळ्यांसमोर. जिंकेल तो जाईल.

गावाला वाटलं, यात बघायचं काय? सोमाच्या आईलासुद्धा तसंच वाटलं. कशाला जातोस मार खायला, म्हणाली.

आता कान इकडं द्या. त्या दोन्ही हरलेल्या लढती एका माणसानं वेगळ्या पाहिल्या होत्या. सगळं गाव टाळ्या वाजवायला उठलं तेव्हा एक जण टाळ्या वाजवत नव्हता. सोमा. लोक म्हणाले, जळतोय. आणि मी खोटं का सांगू? जळत होताच! आपली जागा घेणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला हात उचलतो का कुणाचा? तो दोराला लागून उभा होता, बाटली हातात, तोंड पाडून. म्हणून त्याला ते दिसलं, जे बाकी कुणालाच दिसलं नाही.

काय दिसलं? यशराजचा डावा बसला. आणि यशराज थांबला! हात तसाच पुढं, अंग मोकळं, डोळे समोरच्याच्या ग्लोव्जवर. कशासाठी? सलामासाठी! पापणी मिटून उघडावी एवढाच वेळ. त्याला स्वतःला तो कळतसुद्धा नव्हता. पण समोरचा काही गुऱ्हाळातला नव्हता. त्यानं सलाम केला नाही. त्यानं उजवा हाणला.

अहो, मग सुभेदार कुठं बघत होते? ते तर कोपऱ्यातच होते! ते बघत होते समोरच्या पोराच्या कपाळाकडं. नियम त्यांचाच होता ना, त्यांचीही नजर तिथंच जायची.

तुम्ही विचाराल, सोमानं सांगितलं का नाही? पहिल्या वर्षी टेम्पोत तोंड उघडलं होतं त्यानं, यशराज आणि सुभेदार पुढं ड्रायव्हरशेजारी होते तेव्हा. यशा मधेच थांबतो, एवढं म्हणाला, आणि सगळे अंगावर आले. तुझं पोट दुखतंय म्हणाले. गप्प बसला. आणि दुसऱ्या वर्षी? दुसऱ्या वर्षी तो मुद्दाम गप्प बसला. हे मी झाकून ठेवणार नाही. आपल्या आख्यानात सगळे चांगलेच असतात असं समजू नका.

आता रविवारची लढत ठरल्यावर सोमाच्या मनात काय आलं असेल? सोपं आहे. ठोसा खायचा, सलाम करायचा नाही. तो थांबेल, थांबणारच. आणि तेव्हा मारायचं. जिंकता येतंय! पण लागलेला ठोसा लागला नाही असं दाखवायचं, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ते गुऱ्हाळ नावाजलं होतं तीच मोडायची. सुभेदारांच्या डोळ्यांदेखत. पुन्हा त्या माणसाला तोंड दाखवायची सोय नाही. आणि सलाम केला तर? तर यशराज जाणार आणि, सोमाला पक्कं माहीत आहे, तिसऱ्यांदा पडणार. दोघांचंही जाणार. काय करावं त्यानं? हात वर करा बघू. कुणीच नाही? मला वाटलंच होतं. माना डोलावणं सोपं असतं.

रविवार आला. गुऱ्हाळात पाय ठेवायला जागा नाही. पोरं पत्र्यावर चढलेली. यशराजची आई पुढंच, मांडीवर झाकलेलं ओवाळणीचं ताट. सोमाची आई पार मागं, दाराच्या चौकटीला धरून, केव्हाही निघून जाता येईल अशी.

सुभेदारांनी शिट्टी फुंकली.

पहिली फेरी. यशराजचा डावा — सलाम. पुन्हा डावा — सलाम. टाळ्यांनी पत्रा वाजतोय. सोमाच्या मनात होतं ते सगळं कुठल्या कुठं गेलं. ठोसा लागला की हात आपोआप कपाळाला! सवय ती. इतक्या वर्षांची. आणि सवय काय फक्त मारणाऱ्याला लागते? सलाम करणाऱ्यालाही लागते की!

दुसरी फेरी. पुन्हा तेच. सोमाचा ओठ फुटला. तो पाण्याला कोपऱ्यात आला, चूळ भरली, आणि त्यानं दारातल्या आईकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

तिसरी फेरी. शेवटची. तबला थांबवा... थांबवा.

दोघं गोल फिरतायत. यशराज घाईत नाही, जिंकलेलाच आहे तो. सोमा पुढं आला. यशराजचा डावा सुटला आणि सोमाच्या गालावर असा बसला की शेवटच्या ओळीला आवाज गेला. निखळ ठोसा! कुणीही लागलाच नाही म्हणू शकलं नसतं. टाळ्यांसाठी हात वर गेले.

आणि सोमाचा हात वर गेला नाही.

यशराज थांबलाय. डावा पुढं, छाती उघडी, डोळे सोमाच्या कपाळावर. वाट बघतोय. सलाम येईना. आणि मंडळी, गंमत काय सांगू — सोमालाही मारता येईना! समोर शाळेपासूनचा दोस्त उभा, दार उघडं टाकून, भरवशानं. सगळं गुऱ्हाळ श्वास धरून. यशराजच्या चेहऱ्यावर राग नाही, नुसता प्रश्न आहे. अजून का नाही?

सोमानं डोळे मिटले आणि उजवा हाणला.

यशराज पाठीवर पडला.

गोंधळ! लोक उठले. बेइमान, बेइमान! वर चढलेल्या पोरांनी पत्रा बडवायला सुरुवात केली. सुभेदार दोरांतून आत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले,

"लागला होता का न्हाय?"

"लागला हुता साहेब," सोमा म्हणाला.

"मग हात का उचलला न्हाईस?"

"तिकडं कोण उचलतंय, साहेब?"

सुभेदारांना कळलं नाही. कळलं नाही म्हणा किंवा कळून घ्यायचं नव्हतं म्हणा. त्यांनी जाहीर केलं की नियम मोडला म्हणून सोमनाथ मदने बाद, आणि त्यानं आजपासून या गुऱ्हाळात पाय ठेवायचा नाही. मग यशराजला हाताला धरून उठवलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. सुभेदारांनी त्याचा हात वर केला. टाळ्या! त्याची आई ताटावरचं फडकं काढायला लागली.

यशराज टाळ्या ऐकत नव्हता. तो सोमाकडं बघत होता. त्यानं दातांनी बंद सोडून ग्लोव्ज काढला, नाक पुसलं आणि विचारलं, "सोम्या, तिकडं बी असंच झालं हुतं?"

"दोन्ही वर्षं."

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

सोमानं ओठावरचं रक्त ग्लोव्जनं पुसलं. त्याच्या फुटलेल्या ओठाला बोलणं दुखत होतं, की बोलायचं होतं तेच दुखत होतं, कोण जाणे. मग म्हणाला, "मला जायचं हुतं, यशा."

मंडळी, आता खरी लढत सुरू झाली. आत्तापर्यंत झाली ती नव्हे, ही! आणि ही यशराजची. समोर कुणी नाही. हात वर धरलेला आहे. गाव टाळ्या वाजवतंय, आई ओवाळायला उठलीय, वर्षभर भित्रा म्हणून घेतलेलं सगळं आज पुसलं जातंय. आणि वरून त्याचा एक चुलता ओरडून सांगतोय, अरे चूक कळली ना आता, मग जा की, सुधार! खोटं आहे का ते? चूक कळली की माणूस सुधारतो, असं आम्ही बुवा लोकच सांगत फिरतो.

यशराजनं हात खाली घेतला.

"साहेब, सोम्याला पाठवा."

"नियमानं तू जिंकलायस."

"नियमानं जिंकलो. पण पडलोय मी." तो चुलत्याकडं वळला. "आणि काका, कळलं म्हून हात ऐकत न्हाय. ही सवय आठवड्यात जायची न्हाय. मी गेलो तर परत पडणार, आणि त्याचं बी जाणार."

टाळ्या थांबल्या. एक-एक करून थांबल्या. कुणी शाबास म्हणालं नाही. उलट मागून एक जण चांगल्या शब्दांत नाही असं काहीतरी बोलला. आईनं ताटावर फडकं परत टाकलं, आणि ती पोराकडं न बघता घरी निघून गेली. त्या माउलीचा राग मला समजतो. हातात आलेलं लेकरानं सोडलं होतं, आणि का सोडलं ते तिला उमजलं नव्हतं. आणि तो पोरगा, ज्यानं ठोशागणिक शाबासकी मोजून घेतली होती, तो एवढ्या माणसांत उभा होता आणि त्याच्या बाजूनं एक माणूस नव्हता. तरी त्यानं शब्द मागं घेतला नाही. मागं घेतला नाही!

सुभेदार दोराला धरून उभे राहिले. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. "यशा," ते म्हणाले, "तुझा हात मीच बांधून ठिवला हुता रं."

त्यांनी सोमाची बंदी तिथंच उठवली. नियमही बदलला. सलाम राहिला, पण फेरी संपल्यावर. खेळ चालू असताना कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

आता तुम्ही विचारणार, बुवा, सोमाचं काय झालं? तुमचा जीव तिथंच अडकलाय, मला दिसतंय! सोमा गेला. टेम्पो नाही, गाव नाही, एस.टी.नं गेला. सोबत सुभेदार आणि बाटली-टॉवेल घेऊन यशराज. शेवटच्या लढतीत हरला. पण ज्यांना बघायचं होतं त्यांनी त्याला आधीच पाहिलं होतं. आज तो फौजेत आहे, आईला पैसे पाठवतो, आणि ती आता दारात उभी राहत नाही, गावात काही असलं की पुढं येऊन बसते.

आणि यशराज? फौज हुकली ती हुकलीच. तिथं काही चमत्कार झाला नाही, मी घालणारही नाही. पण सोमा भरती होऊन जाईपर्यंत रोज पहाटे दोघं उभे राहायचे. यशराज थांबला की सोमा हाणायचा. थांबला की हाणायचा. दोस्ती म्हणून सूट नाही. तोंड सुजायचं पोराचं. रविवारी लोक यायचे बंद झाले, मजा राहिली नव्हती ना! पोती परत घरी गेली.

त्याच्या पुढच्या वर्षी यशराज कुठल्याशा लांबच्या शहरात खुल्या स्पर्धेला गेला. एकटा. अर्धं सभागृह रिकामं, जे होते ते शेंगा सोलत होते. पहिल्या फेरीत त्याचा डावा बसला. आणि हात थांबला नाही. दुसरा गेला. तिसरा गेला. जिंकला! टाळी वाजवायला ओळखीचं एक माणूस नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं घरी आला, आईनं विचारलं काय झालं, तर जिंकलो म्हणाला आणि भाकरी मागितली. आईनं भाकरी वाढली आणि मग तिथंच त्याच्यासमोर बसून रडली.

मंडळी, झालं आख्यान. आता माझा तुमच्याकडं मोर्चा.

खरा माणूस खऱ्या वेळेला का हरतो? तो ढोंगी असतो म्हणून नव्हे. त्याचा सराव सगळा अशा ठिकाणी झालेला असतो, जिथं लोक त्याच्यासाठी थांबतात! तुम्ही इथं हात जोडता, समोरून कुणी मारत नाही. तुम्ही दान देता, आम्ही नाव पुकारतो. उपवास करता, शेजारीण म्हणते बाई किती गं करतेस. ठोसा — सलाम. ठोसा — सलाम! मग घरी आजारी सासऱ्याचं अंथरूण बदलता, मन लावून बदलता, आणि क्षणभर थांबता. कुणीतरी म्हणेल काही. तो म्हातारा म्हणतो, चादर नीट घातली नाहीस. बसला उजवा! तिथं पडता तुम्ही. चांगलं करण्यात कमी पडत नाही, चांगलं केल्यावर थांबता ना, तिथं पडता.

आणि आणखी एक विचारतो. तुमच्या घरात असं कोण आहे, जे तुम्हाला सलाम करत नाही? देवळात गोड बोललात आणि येताना भाजीवालीवर खेकसलात, हे तोंडावर सांगणारं कोण आहे? बायको असेल. धाकटा भाऊ असेल. सून असेल! त्यांचं मन स्वच्छच असेल असं मी म्हणत नाही, सोमाचंही नव्हतं. पण त्यांना दिसतंय. तुम्ही त्यांना खाष्ट म्हणता, पोट दुखतंय म्हणता, आणि माना डोलावणाऱ्यांत येऊन बसता.

म्हणून आज असं करू. आरती होईल, प्रसाद मिळेल, पण शेवटचा जयजयकार मी तुमच्याकडून घेणार नाही. मलाही आज कुणी चांगलं झालं म्हणायला येऊ नका, पाया पडायला येऊ नका. गुपचूप उठा. बाहेर शेकडो चपलांचा ढीग पडलाय. गर्दी होईल, कुणाचा तरी पाय तुमच्या पायावर पडेल, कुणीतरी तुमचीच चप्पल घालून निघालेलं असेल. मंडळी, खऱ्या लढतीची घंटा तिथं होणार आहे. चला, उठा.